डावीकडचे भोक

मित्रांनो, मी मोजा आहे. जुना आहे, लोकरीचा आहे आणि हाताने विणलेला आहे, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. डावा की उजवा, हे मात्र विचारू नका. ते मला उमेदीच्या काळातही कळले नाही, आणि आता तर मी कपाटाच्या तळच्या खणात, पाय नावाच्या गोष्टीपासून लांब पडून आहे. माझ्या आयुष्यात बरेच काही घडले. घडत होते तेव्हा मी अगदी मधोमध होतो, तरी त्यातले निम्मे मला उमगले नाही. जे उमगले नाही तेही सांगतो. तुम्हाला कळले तर बरेच आहे.

मला अक्काने विणले. अक्का म्हणजे थंडोबाची थोरली बहीण. तिने सारी हयात तयार कपड्यांच्या कारखान्यात काजबटणांचे काम केले, आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक आणि सुयांचा डबा घेऊन ती भावाच्या घरी राहायला आली. थंडोबा हे काही त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. तो शीतगृहात मुकादम होता. फळांच्या पेट्या महिनोन्महिने गारठवून ठेवतात ना, तसल्या मोठमोठ्या खोल्यांमधून तो दिवसभर हिंडायचा. त्यात स्वभावाने इतका शांत, की घराला आग लागली तरी हातातला चहा संपवून मगच उठेल. नाव पडायला आणखी काय लागते? घरात तिसरी त्याची बायको. तिला मी भावजय म्हणतो, कारण मी पडलो अक्काच्या बाजूचा.

थंडोबाचे पाय फार गारठायचे. कामावरून आला की तो कितीतरी वेळ तळवे चोळत बसायचा आणि भावजय बादलीत कोमट पाणी आणून द्यायची. ते पाहून अक्काने राखाडी रंगाची जाडसर लोकर आणली. चार सुयांवर टाके आणि पाचवीने वीण, असा गोल गोल फिरत मी पोटरीकडून बोटांकडे वाढत गेलो. माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊ झाला. आम्ही तेव्हा साधेसुधे होतो, मऊ आणि जरासे ढगळ. पहिल्यांदा पायात गेलो तेव्हा थंडोबाने बोटे हलवून पाहिली आणि म्हणाला, "अक्का, पाय घरी आल्यासारखा वाटतोय गं." अक्काने नाक मुरडले, पण त्या दिवशी दिवसभर ती गाणे गुणगुणत होती. मला माझ्या आयुष्यातला तोच दिवस सगळ्यांत आवडतो.

असेच पहिले काही हिवाळे आणि उन्हाळे गेले. शीतगृहात काय, उन्हाळा दाराबाहेर उभा असतो आणि आत बारा महिने हिवाळाच. आम्ही झिजलो, पण जिथे झिजायचे तिथे, म्हणजे टाचेला. अक्काने रीतसर रफू केले. त्यासाठी तिच्याकडे एक उडालेला विजेचा दिवा होता. तो ती आमच्या पोटात घालायची, त्याच्या गोल गुळगुळीत काचेवर भोक ताणून धरायची आणि आधी उभे, मग आडवे धागे भरायची. दिवा पोटात असला की मला फार भारी वाटायचे. पेटत नव्हता, पण दिवा तो दिवाच.

आणि मग एक दिवस भलत्याच ठिकाणी भोक पडले.

ते टाचेला नव्हते, अंगठ्यालाही नव्हते. चवड्याच्या कडेला, मला वरून पाहिले तर डाव्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी जिथे पाऊल टेकते तिथे होते. मसूर मावेल एवढेच. काही दिवसांनी जुळ्यालाही नेमके तिथेच भोक पडले. अक्काने आम्हा दोघांना उजेडात धरले, आतून बाहेरून चाचपले आणि म्हणाली, "इथे कसं काय?" माझ्याकडे उत्तर असते तर मी दिले असते. पण मित्रांनो, खरे सांगतो, मलाच काही कळत नव्हते.

तिने रफू केले. ते उसवले. पुन्हा केले, पुन्हा उसवले. मग अक्काने कंबर कसली. तिने आमचे तळवेच उसवून काढले आणि नवे विणले, तेही लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक दोरा धरून. सुया बारीक घेतल्या, टाके घट्ट घेतले. मऊपणा गेला, पण आम्ही असे दणकट झालो की जमिनीवर ठेवले तर उभे राहू. भावजय म्हणाली, "अक्का, हे मोजे आहेत की चिलखत?" अक्का म्हणाली, "टिकतील. तू बघच." ती आम्हाला कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊ लागली. पिळायचे नाही, उन्हात घालायचे नाही, कोणी दोरीवर चिमटे लावले तर त्याची खैर नाही. थंडोबाला तिने समोर बसवून पायाची नखे कापायला लावली. लहानपणीही त्याने एवढे निमूटपणे ऐकले नसेल.

आणि तिने आणखी एक नियम काढला. आज जो मोजा डाव्या पायात, तो उद्या उजव्या पायात. "एकालाच जुंपलं की तो लवकर मरतो," अक्का म्हणाली. "झीज वाटून घेतली की दोघेही टिकतात." तिने जुळ्याच्या काठाला लाल दोऱ्याचा एक टाका घातला, म्हणजे अदलाबदल ध्यानात राहील. सकाळी थंडोबा पलंगाच्या कडेला बसून लाल टाका शोधायचा आणि आतून ओरडायचा, "अक्का, काल लाल कुठे होता?" अक्का स्वयंपाकघरातून सांगायची. मोज्यांची एवढी बडदास्त कोणत्याही घरात ठेवली गेली नसेल.

आता यात माझा गोंधळ कसा उडाला ते ऐका. मला डावे-उजवे कळत नाही, हे आधीच सांगितले आहे. मला एवढेच कळे, की काही दिवस चावरे असतात आणि काही दिवस गरीब. गरीब दिवशी मी बुटात निवांत असायचो. चावऱ्या दिवशी मात्र पाऊल टेकले की खालून काहीतरी डसायचे, त्याच एका जागी, दर पावलाला. मला वाटायचे, दिवसच तसा असेल. माणसांचेही दिवस चांगले-वाईट असतात, असे मी भावजयीच्या तोंडून ऐकले होते. संध्याकाळी खुंटीवर लटकताना मी जुळ्याला विचारायचो, "आज तुझा कसा गेला?" तो म्हणायचा, "माझा मजेत." दुसऱ्या दिवशी तो कण्हत असायचा आणि मी मजेत. आम्ही दोघे एकाच माणसाबरोबर, एकाच इमारतीत, एकाच वेळी असायचो, तरी आमचे दिवस कधी जुळले नाहीत.

दुसरा गोंधळ याहून मोठा होता. आम्हाला भोके पडू लागली त्याच सुमारास थंडोबाचे पाय गारठायचे थांबले होते.

हो, थांबले होते! आधी एका पायाला गारवा कमी वाटू लागला, मग दुसऱ्याला. मग तो कामावरून आला की पाय चोळेनासाच झाला. बादली कोपऱ्यात कोरडी पडली. तो शीतगृहात छाती पुढे काढून सांगायचा, "आमच्या अक्काचे मोजे आहेत. थंडी म्हणजे काय ते मी विसरलो." इतर कामगार पाय आपटत, हातांवर फुंकर मारत बाहेर पळायचे आणि हा आतल्या सगळ्यांत थंड खोलीत जणू बागेत आल्यासारखा फिरायचा. घरी येऊन तो अक्काला म्हणायचा, "तुझ्या हातात जादू आहे." अक्का लाजायची. आणि मी? मी फुगलो होतो. फाटका का होईना, पण असा मोजा, की ज्याच्यापुढे शीतगृहाने हात टेकले. कधीकधी मनात यायचे, की मला भोके आहेत, मी आधीपेक्षा कडक झालो आहे, मऊ होतो तेव्हा याला थंडी वाजत होती आणि आता वाजत नाही, हे कसे काय? पण स्तुती होत असली की शंका फार वेळ टिकत नाही.

आमची कीर्ती ऐकून तिथल्या एका कामगाराने अक्काकडून मोजे विणून घेतले. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या की सगळे त्याला मिशाळच म्हणत. लोकर तीच, सुया त्याच, दोराही तोच. काही दिवसांनी तो स्वतः घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "अक्का, मोजे एक नंबर आहेत, खोटं कशाला बोलू. एक टाका हलला नाही. पण पाय आहेत तसेच गार पडतात हो."

"असं कसं?" अक्का म्हणाली. "ह्याला तर थंडी वाजतच नाही."

"ते मुकादमांनाच माहीत. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझ्या बोटांना मुंग्या येतात, एवढं मी सांगतो."

थंडोबा आतून हसत म्हणाला, "अरे, तुझे पायच नाजूक!"

मिशाळ चहा पिऊन गेला आणि अक्का डोक्याला हात लावून बसली. एकाचे मोजे टिकतात पण ऊब देत नाहीत. दुसऱ्याचे ऊब देतात पण टिकत नाहीत. लोकरीचा गुंडा मात्र एकच. "मला वेड लागायची पाळी आली आहे," ती भावजयीला म्हणाली. भावजय म्हणाली, "त्यात काय एवढं? ह्यांचं वजन जास्त, पाऊल जोरात पडतं, म्हणून फाटतात. आणि जाड माणसाला थंडी कमी वाजते." दोघींनाही ते पटल्यासारखे झाले. मलाही पटले. मला काय, जो शेवटी बोलेल त्याचे पटायचे.

पण भोके काही थांबेनात. मग एके दिवशी भावजयीने बाजारातून यंत्रावर विणलेले मोजे आणले, काळे आणि चकचकीत, कागदात गुंडाळलेले. तिने ते अक्काच्या नजरेस पडतील अशा बेताने टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "अक्का, रागावू नका. तुमचे डोळे दुखतात, बोटं दुखतात. हे फाटले की टाकून द्यायचे. कशाला जिवाला त्रास?"

ती काळजीने बोलली होती, हे मला आज कळते. पण अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या घरात ती भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची, पण ती कामे कोणीही केली असती. मोजे फक्त तीच विणायची. ते काळे मोजे टेबलावर पडले होते आणि अक्का त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू कोणी तिच्या ट्रंकेला दोरी बांधून ती दारात आणून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी तिने कुठूनसे जुन्या पर्सचे चामडे मिळवले. त्याचे दोन तुकडे कापले आणि आमच्या तळव्याला, त्या भोकाच्या जागी, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून टाकले. "आता बघते कोण फाटतो ते," असे ती सुईशी बोलत होती. थंडोबाने आम्हाला पायात घातले आणि दोन पावले टाकून पाहिली. "टोचत नाही ना रे?" अक्काने विचारले. "छे!" तो म्हणाला. "मला काही होत नाही." खरे तर ती शिवण इतकी जाड होती की मलाच माझी लाज वाटत होती. तुमच्यापैकी कोणी मला घातले असते तर दारापर्यंतही गेला नसता.

आणि काय आश्चर्य, भोके थांबली! आठवडा गेला, दुसरा गेला. अक्का जिंकली. काळे मोजे खणात गेले. मिशाळने थंडोबाला चामडे लावलेला मोजा कामावर सगळ्यांना दाखवायला सांगितले आणि त्याने तो हौसेने दाखवला. ते माझ्या कीर्तीचे दिवस होते. पण चावरे दिवस चालूच होते, मित्रांनो. फक्त आता चामडे मध्ये आल्याने डंख माझ्यापर्यंत उशिरा पोचायचा.

त्यानंतर मी ओला होऊ लागलो. घामाने मोजा ओला होतो, ते मला ठाऊक होते. हे तसे नव्हते. हे चिकट होते आणि वाळले की कडक व्हायचे. संध्याकाळी थंडोबा मला पायातून खेचायचा तेव्हा मी त्या जागी चिकटून बसलेलो असायचो. तो जोर लावून ओढायचा आणि काहीतरी सुटून यायचे. त्याच्या तोंडून हूं की चूं नाही. भावजयीने धुण्यात तो तपकिरी डाग पाहिला आणि म्हणाली, "अक्का, तुमच्या चामड्याचा रंग उतरतोय हो." अक्काने जीभ चावली. रंग बसावा म्हणून तिने आम्हाला मिठाच्या पाण्यात भिजत घातले. मी त्या बादलीत पडून विचार करत होतो, की चामडे तर काळे आहे, मग उतरलेला रंग तपकिरी कसा? पण मोज्याचे कोण ऐकते?

मग सुट्टीच्या एका सकाळी आम्ही धुऊन वाळलो होतो आणि अक्काने घडी घालायला आम्हाला मांडीवर घेतले. घडी घालता घालता तिचे बोट अडले. चामड्याला भोक होते. बारीक, गोल, जणू कोणी दाभणाने पाडावे तसे. तिने जुळ्याला उचलले. त्यालाही तेच.

अक्काने दोन्ही भोकांच्या कडा बोटाने चाचपल्या. मग स्वतःशीच बोलू लागली. "झिजलं असतं तर कडा विरल्या असत्या. हे झिजलेलं नाही. हे भोसकलंय." तिने आम्हाला शेजारी शेजारी ठेवले, टाचा मागे, बोटे पुढे. "ह्याचं भोक डावीकडे. ह्याचंही डावीकडेच. अदलाबदल तर रोज करतोय. वीण कच्ची असती तर कधी उजवीकडेही फाटली असती की नाही?" ती एकदम उठली. "अगं, ऐकतेस का? मोजा फाटत नाहीये. मोजा कोणीतरी फाडतंय!"

भावजय हात पुसत आली. अक्का मला मुठीत धरून दाराशी गेली. तिथे थंडोबाचे कामावरचे बूट होते, जाडजूड तळाचे, एकदा मोच्याकडून नवा तळ ठोकून आणलेले. अक्काने उजव्या बुटात हात घातला, चाचपला, काढला. मग डाव्या बुटात घातला.

"अगं आई गं!"

तिने हात झटकन बाहेर काढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा टपोरा थेंब होता. भावजयीने बूट उजेडात धरून आत डोकावले. नव्या तळाचा एक खिळा आतल्या बाजूला वर आला होता. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढाच, पण सुईसारखा धारदार.

मित्रांनो, त्या क्षणी त्या दोघी ज्या हसल्या! अक्का बोट तोंडात घालून हसत होती. "सापडला चोर! आणि मी इतके दिवस बिचाऱ्या लोकरीला शिव्या घालतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी!" भावजय म्हणाली, "मी तर तुमच्या विणीला नावं ठेवली. अक्का, मला दोन फटके मारा." अक्काने खरेच तिच्या पाठीत लटका धपाटा घातला. कित्येक महिन्यांनी त्या घरात नणंद-भावजय अशा पोट धरून हसल्या. मलाही सुटल्यासारखे झाले. माझ्यात खोट नव्हती. चावरे दिवस म्हणजे डाव्या बुटाचे दिवस, एवढे साधे होते तर!

हसण्याचा आवाज ऐकून थंडोबा सपाता फटफटवत बाहेर आला. "काय झालं?"

"अरे, तुझ्या बुटात खिळा आहे! केवढा टोचला मला. हे बघ, रक्त आलं."

थंडोबाने बूट हातात घेतला. आत बोट घालून पाहिले. मग त्याने आमच्याकडे पाहिले, आणि तो खरोखर गोंधळला होता. "खिळा? कुठे? मला तर कधी टोचला नाही."

अक्का अजून हसत होती. तिचे हसू लगेच थांबले नाही, चालत्या गाडीसारखे थोडे पुढे गेले. मग थांबले. भावजयीच्या हातातले फडके खाली पडले.

"खाली बस," अक्का म्हणाली.

"अगं, मला काही होत..."

"बस म्हणते ना!"

तो तिथल्याच खुर्चीवर बसला. अक्काने जमिनीवर बसकण मारली, त्याची डावी सपात काढली आणि पाऊल उलटे करून खिडकीकडे वळवले. करंगळीच्या मुळाशी, माझ्या भोकाच्या बरोबर वर, त्याच्या पायालाही भोक होते. त्याच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या आणि आतला भाग मी इथे सांगत नाही. आजूबाजूला लाली पसरली होती. करंगळी काळसर दिसत होती.

"दुखतंय?" अक्काने कसेबसे विचारले.

थंडोबाने मान वाकवून स्वतःचा तळवा पाहिला. दुसऱ्या कोणाचा पाय दाखवत असावेत तसे तो पाहत होता. "नाही गं," तो म्हणाला. "हे केव्हा झालं?"

भावजय पैसे, चावी आणि त्याचा सदरा घेऊन आली. अक्काने मला पिशवीत टाकले, का ते तिलाही माहीत नसावे. असा मी दवाखाना पाहिला. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने जखम पाहिली, रक्त तपासायला पाठवले, आणि थंडोबाला डोळे मिटायला सांगून एक बारीक तार त्याच्या तळव्याला ठिकठिकाणी लावून पाहिली. "लागलं की सांगा." थंडोबा गप्प होता. तार टाचेला लागली, चवड्याला लागली, बोटांना लागली. तो डोळे मिटून, शहाण्या मुलासारखा, वाट पाहत होता.

"पायांना थंडी केव्हापासून वाजत नाही?" तिने विचारले.

थंडोबाचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. "झाली की दोनेक वर्षं. आमच्या अक्काच्या मोज्यांची कमाल आहे."

अक्काने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईने मला उचलले, चामडे पाहिले, भोक पाहिले, डाग पाहिला. मग तिने मला खाली ठेवले आणि शांतपणे सांगितले, "मोज्यांची नाही हो. तुमच्या रक्तात साखर खूप वाढली आहे, बरीच वर्षं असणार. तिने पायाच्या नसा मारल्या. थंडी कमी झाली नव्हती. तुम्हाला कळायचं बंद झालं होतं."

मित्रांनो, माझी सगळी शाबासकी त्या टेबलावर परत घेतली गेली. ती कधी माझी नव्हतीच. ज्या गोष्टीसाठी मी छाती फुगवून हिंडलो, तो त्या माणसाचा आजार होता. मी ज्यासाठी बदनाम झालो, ती भोके मात्र खरे बोलत होती, आणि घरातली सगळ्यांत प्रेमळ बाई मन लावून ती बुजवत होती. यात दोष कोणाचा? खिळ्याचा, साखरेचा, दोऱ्याचा? मी खणात पडल्या पडल्या आजही याचा विचार करतो आणि प्रत्येक वेळी वेगळे उत्तर येते.

पाय वाचला. करंगळी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी थोडे दिवस गेले असते तर पाऊल राहिले नसते. थंडोबाचे शीतगृहाच्या आतले काम बंद झाले. तो आता फाटकाजवळच्या खोलीत बसून गाड्यांची नोंद ठेवतो. मिशाळ येता-जाता त्याच्या बुटात हात घालून पाहतो आणि मगच पुढे जातो.

अक्का काही दिवस सुयांकडे फिरकली नाही. मग भावजयीनेच डबा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. सोबत लोकर होती, मऊ आणि पांढरी शुभ्र. "राखाडीवर काही दिसत नाही," भावजय म्हणाली. "पांढऱ्यावर दिसेल." अक्का आता तसलेच मोजे विणते. सैल, मऊ, कुठे जाड शिवण नाही, दोरा नाही, चामडे नाही. ते पटकन विरतात. विरले की अक्का रफू करत नाही. आधी थंडोबाचा पाय बघते, मग तो मोजा सरळ टाकून देते. जिने जन्मभर लोकरीचे वीतभर टोकही जपून ठेवले तिला मोजे फेकताना पाहून मला पहिल्यांदा धस्स झाले होते. मला मात्र तिने का ठेवले आहे, हे मला कळत नाही.

रोज संध्याकाळी दिवे लागले की थंडोबा खुर्चीवर बसतो आणि पाय अक्काच्या मांडीवर ठेवतो. खण जरा उघडा असला की मला दिसते. अक्का तळवा उजेडाकडे फिरवते, बोटांच्या बेचक्या पाहते. मग लोकरीचा एक धागा घेते आणि म्हणते, "डोळे मीट. लागलं की सांग."

थंडोबा डोळे मिटतो. आपण चुकू नये, बहिणीला वाईट वाटू नये, म्हणून तो कान देऊन वाट पाहतो. परवा तो म्हणाला, "लागलं."

"अरे," अक्का म्हणाली, "अजून लावलाच नाही."

भावजय हसली आणि चहाचे कप उचलून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. थंडोबाने डोळे उघडले आणि तो अक्काच्या हातातल्या धाग्याकडे पाहत राहिला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची शेवटी दोन शब्द सांगायची रीत आहे. लोकर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, टाचेला दोरा धरून विणा, असे सगळे मी सांगणार होतो. ते खरेच आहे, मोजे त्याने टिकतात. पण मोजे टिकले नाहीत तरी चालते. तुमच्या घरात कोणी हसत हसत म्हणाले, "मला काही होत नाही," तर त्याला शाबासकी देऊ नका. त्याला खुर्चीवर बसवा, त्याचा पाय मांडीवर घ्या, आणि उजेडाकडे वळवून नीट बघा.